नागोजीअण्णा डब्यात डोकं घालत नाहीत

आमच्या ऑफिसात डोळ्यांवर चढवायचा हेडसेट घालून यंत्रं तपासण्यासाठी म्हणून एक माणूस खास नेमलेला आहे, आणि त्या माणसानं चौदा महिन्यांत हेडसेटला हात लावलेला मी पाहिलेला नाही. नागोजीराव साळुंके त्यांचं नाव. हेडसेटला ते डबा म्हणतात. "डब्यात डोकं घालणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, अक्का," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि मग उरलेल्या सगळ्या ऑफिसाला आळीपाळीनं त्या डब्यात घातलं.

पद्धत अशी. अण्णा घरून आणलेल्या लोखंडी स्टुलावर बसतात. समोर लॅपटॉपवर यंत्र उघडलेलं असतं. खोलीच्या मधोमध हेडसेट घालून आमच्यापैकी कोणीतरी उभं असतं आणि अण्णा हुकूम सोडत असतात. "स्वल्प डावीकडे. वाका. आता हात घाला. असा नाही, उलटा." आपण रिकाम्या हवेत कमरेतून वाकून, पंजा उलटा करून, नसलेल्या लोखंडाला हात लावत असतो. एकदा घरमालक पाण्याच्या मोटारीबद्दल भांडायला वर आले होते. अण्णांनी त्यांना "आलाच आहात तर" म्हणून उभं केलं आणि पाऊण तास त्यांच्याकडून यंत्र चालवून घेतलं. घरमालक घामाघूम होऊन खाली गेले ते मोटारीचं विसरूनच. पुढे दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही, त्यामुळे मीही अण्णांना काही बोलले नाही.

मी मूळची साताऱ्याची. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला आले, मारतहळ्ळीला राहते आणि दोन बस बदलून बसवनगुडीतल्या या ऑफिसात येते. ऑफिस म्हणजे एका जुन्या घराचा वरचा मजला. आम्ही कारखान्यांसाठी यंत्रांच्या प्रतिकृती बनवतो, पण हाताला लागणाऱ्या नव्हे. लिंक उघडली की ब्राउझरमध्ये अख्खं यंत्र समोर येतं. माउसनं फिरवा, झाकण काढा, आतलं चाक बाहेर ओढून बघा. हेडसेट घातला तर त्याच यंत्राशेजारी उभं राहून ते चालवताही येतं. नव्या कामगाराला खऱ्या यंत्रापाशी नेण्याआधी त्याच्या सगळ्या चुका इथे उरकून घ्यायच्या, असा त्यातला हेतू. इथे चुकलं तर बोट जात नाही.

हे सगळं बनवतो कार्तिक. मुलगा हुशार, पण त्यानं आयुष्यात स्क्रूड्रायव्हरपेक्षा मोठं हत्यार धरलेलं नाही. मी वेळापत्रक सांभाळते, म्हणजे सगळ्यांच्या मागे लागते. तो माझा मूळ स्वभावच आहे, असं माझी आई म्हणते. आणि यंत्र खऱ्यासारखं झालंय की नाही हे सांगायला नागोजीअण्णा. वय सहासष्ट. त्यातली एकतीस वर्षं होसकोट्याच्या एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काढलेली.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, असं ते सांगतात. कुठून आलं असं विचारलं की खिडकीबाहेर हात करून "तिकडून" म्हणतात. तिकडे उडप्याचं हॉटेल आहे. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडते. तिच्यात अधूनमधून कन्नड येतं आणि ते आल्याचं त्यांना कळतही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला अक्का म्हटलं तेव्हा मी मनातून खट्टू झाले होते. बापाच्या वयाचा माणूस मला ताई म्हणतोय म्हणजे मी दिसते तरी किती थोराड, असं वाटलं. ही इथली रीत आहे आणि भाजीवाल्या आजीही मला अक्काच म्हणतात, हे कळल्यावर जिवाला बरं वाटलं.

ब्राउझरमध्ये यंत्र बघण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी. आम्ही सगळे यंत्र हवं तसं वळवतो आणि मग स्थिर ठेवून बघतो. अण्णांचा माउस थांबतच नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. शेजारी बसलेल्याला गरगरायला लागतं. "उभं यंत्र खोटं बोलतं, अक्का. फिरवलं की खरं सांगतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य उलट्या हाताचं. अनोळखी यंत्राला आधी पंजाची मागची बाजू लावायची. वीज उतरलेली असली तर मूठ आवळून माणूस चिकटत नाही, तापलेलं असलं तर तळवा वाचतो. हे खरंच आहे. पण अण्णांनी तो हात आमच्या कॉफी मशीनलाही लावायला शिकवलं. आता ऑफिसातले सगळे कॉफी घेण्याआधी मशीनला एकदा उलटा हात लावतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की आमच्यात मशीनचा ताप बघायची प्रथा आहे.

खरी लढाई झाली ती होसकोट्याच्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या कामात. त्यांना लेथ हवा होता, आणि तो पसंत पडला तर पुढची अकरा यंत्रं आम्हालाच मिळणार होती. कार्तिकनं लेथ फार देखणा केला. लेथवर जिथे कातायचा तुकडा पकडतात आणि जे गरगर फिरतं, त्याला चक म्हणतात. तो आवळायची एक चावी असते. कार्तिकनं ती चावी चकातच अडकवून ठेवली होती. हाताशी राहावी म्हणून, शिवाय दिसतेही छान. अण्णांनी ते पाहिलं. लॅपटॉप मिटला, चष्मा खिशात घातला आणि जिना उतरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, चावी चकातून निघाली की कळवा. चकात चावी ठेवून यंत्र सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते आणि समोरच्या माणसाला लागते, हे कार्तिकला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यानं चावी काढली. अण्णा आले, आणि येताना दुसरी अट घेऊन आले.

अट अशी की यंत्राशेजारी खुंटीवर डोळ्यांवर लावायचा सेफ्टी चष्मा हवा. तो काढून घातल्याशिवाय लेथ सुरूच होता कामा नये. आणि लोखंडाचा कीस उडताना दिसला पाहिजे, तोही सरळ तोंडाकडे. कार्तिक म्हणाला की हेडसेट घातलेल्या माणसाला आणखी एक खोटा चष्मा घालायला लावणं म्हणजे हसू होईल. मीही कार्तिकच्याच बाजूची होते, कारण आठवडा वाया जाणार होता. अण्णा अडून बसले. आठ दिवस त्यांनी सही दिली नाही. शेवटी आम्ही हरलो. खुंटी आली, चष्मा आला, कीसही उडायला लागला. तो पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा मी किंचाळले. अण्णांनी समाधानानं "सरी", म्हणजे ठीक, म्हटलं आणि सही केली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच त्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी मंजुळा मॅडमचा निरोप आला. शेवटची मंजुरी त्यांच्या कारखान्यात, नव्या कामगारांसमोर व्हायची होती, आणि आमच्या तज्ज्ञानं स्वतः हेडसेट घालून लेथ चालवून दाखवायचा होता. अण्णांबद्दल त्यांनी ऐकलं होतं. ते चालवतील तर पोरांचा विश्वास बसेल, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं.

मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, डब्यानं चक्कर येते. मी म्हटलं, दोनच मिनिटं. मग डोक्याला तेल असतं, डबा खराब होईल. मी म्हटलं, पुसून घेऊ. मग तो दिवस मंगळवारचा निघाला. मग त्यांच्या एका मावसभावाला अशा डब्यानं अर्धशिशी झालेली निघाली. हा मावसभाऊ कोलारला शेती करतो, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. चार दिवस हे चाललं. अकरा यंत्रं डोळ्यांसमोरून जाताना दिसत होती आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला यातलं काही येतं तरी का? का चौदा महिने नुसतं स्टुलावर बसून आमची गंमत बघताय?"

अण्णा उठले. लॅपटॉप बंद करून, स्टूल भिंतीला लावून गेले. तोंडातून शब्द गेला आणि माझी मलाच लाज वाटली, पण फोन करायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अण्णा जिन्यावर बसले होते. त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत वळणदार अक्षरात इंग्रजीतला राजीनामा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"स्वल्प ऐका, अक्का. तुम्ही चुकलं नाही. मला डावा डोळा नाही."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघतच राहिले. दोन्ही डोळे अगदी सारखे दिसत होते. सत्तावीस वर्षांपूर्वी एका रविवारी ते ओळखीच्या माणसाच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मदतीला गेले होते. पाच मिनिटांचं काम. चष्मा खुंटीवर होता, हात पुढे केला असता तर मिळाला असता. कीस उडाला. डॉक्टरांनी बाहेरून डोळा वाचवला, पण आतली नजर गेली ती गेलीच. एका डोळ्याच्या माणसाला लेथवर कोण ठेवणार, म्हणून अण्णांनी कारखान्यात सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही. डोळ्यात कचरा गेला होता, निघाला, एवढंच. कारखान्यात वर्षातून एकदा डोळे तपासायचे. अण्णांनी तक्ता पाठ केला होता. निवृत्त होईपर्यंत तक्ता बदलला नाही. त्यांनी तो मला जिन्यावरच म्हणून दाखवला, शेवटच्या बारीक ओळीसकट, एकही अक्षर न चुकता. मला हसू आलं आणि रडूही आलं.

"मग काम कसं करत होता?" मी विचारलं.

"खऱ्या यंत्रावर डोळा चुकला तर हात सांगतो," ते म्हणाले. "इथं हाताला काही लागतच नाही."

पहिल्या आठवड्यात सगळे जेवायला गेले असताना त्यांनी एकदा हेडसेट घातला होता. यंत्राचा दांडा धरायला गेले तर हात वीतभर पलीकडे गेला. पुन्हा धरला तर अलीकडे राहिला. दहा मिनिटं ते हवेत चाचपडत होते. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही, ब्राउझरमध्ये मात्र यंत्र सारखं हलवत राहिलं की कोणता भाग पुढे आणि कोणता मागे ते उमगतं. त्यांचा माउस का थांबत नाही, ते मला तेव्हा समजलं. घरी बसून कंटाळा आला होता, हे काम आवडलं होतं, आणि डबा घालता येत नाही म्हटलं तर काम जाईल म्हणून आम्हाला त्यात घातलं.

मी राजीनामा घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला. स्वीकारला नाही, हे सांगायची माझी ती पद्धत. मग मंजुळा मॅडमना फोन केला आणि अण्णांच्या मानेला डॉक्टरांनी हेडसेटची मनाई केलीय, असं सांगितलं. अण्णा ब्राउझरवरून सूचना देतील, हेडसेट दुसरं कोणी घालेल. मॅडम "बघू" म्हणाल्या. अण्णांना मी बजावून ठेवलं, विचारलंच तर मान, दुसरं काही नाही. ते "सरी" म्हणाले.

मंगळवारी अण्णा, कार्तिक आणि मी होसकोट्याला गेलो. मोठी खोली, समोर पडद्यावर आमचा लेथ, बाकांवर नवी भरती झालेली विसेक मुलंमुली. मंजुळा मॅडम उंच आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी हेडसेट उचलून अण्णांसमोर धरला आणि मानेला सांभाळून दोनच मिनिटं घाला म्हणाल्या. मी मधे पडणार तेवढ्यात अण्णा उठले. ते कन्नडमध्ये बोलले. माझं कन्नड रिक्षापुरतं आहे, पण ते सगळं मला समजलं. मान ठणठणीत आहे म्हणाले. डावा डोळा नाही, म्हणून हा डबा मला उपयोगाचा नाही. डोळा कसा गेला ते सांगायला मी आलोय. मग पडद्यावरची खुंटी दाखवली आणि तो रविवार सांगितला. डॉक्टर, तक्ता, सगळं. आवाज जराही चढवला नाही. मी मात्र मनातल्या मनात अकरा यंत्रांना निरोप देत होते.

मंजुळा मॅडमनी हेडसेट स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि कसं करू ते विचारलं.

अण्णा स्टुलावर बसले. आपलं स्टूल ते बसमधून होसकोट्यापर्यंत घेऊन आले होते, हे सांगायचं राहिलं. "उलटा हात," ते म्हणाले आणि एवढ्या मोठ्या अधिकारी बाई वाकून हवेला उलटा हात लावू लागल्या. मग त्यांनी मुद्दाम चष्मा न घालता लेथ सुरू करून पाहिला. तो झाला नाही. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग खुंटीवरचा चष्मा काढला. शेवटी हेडसेट उतरवून त्यांनी कागदावर सही केली, आणि दर नवी तुकडी आली की अण्णांनी येऊन हेच सगळं पुन्हा सांगावं, असं मला म्हणाल्या. स्टुलासकट.

परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोन स्टॉप कार्तिकला चिडवण्यात घालवले. अण्णा मात्र काळजीत दिसत होते. आता काय झालं, असं विचारलं तर म्हणाले, होसकोट्यात त्यांच्या बायकोचे दोन भाचे कामाला आहेत. आज ना उद्या बातमी घरी जाणार. त्याआधी सुभद्राला आपणच सांगितलं पाहिजे. सत्तावीस वर्षं खोटं बोललो म्हणून ती काय करेल, नेम नाही. वीस माणसांसमोर न डगमगलेला माणूस चक्क घाबरला होता. "रविवारी जेवायला या, अक्का," ते म्हणाले. "परकं माणूस असलं तर ती ओरडायची नाही."

मी गेले. आजवर परकं माणूस म्हणून मला कोणी इतक्या गरजेनं बोलावलं नव्हतं. सुभद्रावहिनी ठेंगण्या, हसऱ्या आणि सारख्या कामात असणाऱ्या. खिम्याचे उंडे, म्हणजे गोळे, घातलेली आमटी आणि भात होता. आम्ही खाली पाटावर बसलो. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. माझ्या ताटाच्या डावीकडे पाण्याचं भांडं होतं, जसं कुठल्याही घरात असतं, कारण उजवा हात जेवणात असतो. अण्णांचं भांडं मात्र उजवीकडे होतं, आणि ते दर वेळी डावा हात ताटावरून पलीकडे नेऊन पाणी पीत होते. या घराची काही रीत असेल, म्हणून मी विचारलं नाही.

जेवण संपत आलं तरी अण्णा बोलेनात. मी दोनदा खाकरले. शेवटी त्यांनी ताटाकडे बघत, एका दमात सांगून टाकलं. डावा डोळा, वर्कशॉप, रविवार. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून बसले.

वहिनी मला भात वाढत होत्या, त्यांनी तो वाढला. आमटी घातली. मग म्हणाल्या, "ते वर्ष श्रावणात तुम्ही रोज पाणी सांडत होता. डावीकडचं भांडं दिसतच नव्हतं तुम्हाला. महिनाभर फरशी पुसली आणि मग भांडं तिकडे ठेवायला लागले."

अण्णांनी वर पाहिलं.

"रस्त्यात मी तुमच्या डाव्या बाजूनं चालते ते काय हौस म्हणून?" वहिनी म्हणाल्या. "कितीदा सायकलवाल्यांनी मला शिव्या दिल्या."

"मग एकदा तरी बोलायचं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही इतकी मेहनत घेऊन लपवत होता," वहिनी म्हणाल्या. "मला मोडवेना."

अण्णांनी भांडं उचललं आणि तोंडाला लावलं. त्यात पाणी नव्हतं. तरी बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही, आणि मी व वहिनी दोघीही ताटाकडे बघत राहिलो.